बाळाच्या टाचेचं रक्त घ्यायचा ऑनलाइन कोर्स: हात सुधारला, पण कोकणातला पाऊस सिलॅबसमध्ये नाही

कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ज्या लॅबने तो बनवलाय तिच्याशी आमच्या हॉस्पिटलचा टाय-अप अजून चालू आहे आणि उद्या सकाळी मलाच परत त्यांच्या माणसाला कुरिअरसाठी फोन करायचाय. पण ज्या सिस्टर लोकांना असले कोर्स करायला सांगतात त्यांना वाचून उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली स्टाफ नर्स, १४ वर्षं झाली, त्यातली ९ चिपळूणच्या बाजूच्या एका मॅटर्निटी हॉस्पिटलात. वीसेक बेड, खाली ओपीडी, वर पीएनसी म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड आणि कोपऱ्यात चार वॉर्मरची छोटीशी नर्सरी. नवजात बाळाचं स्क्रीनिंग आमच्याकडे पाचेक वर्षांपासून करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका जाड फिल्टर पेपरच्या कार्डावर छापलेल्या गोलांत घ्यायचे, वाळवायचे आणि लॅबला पाठवायचे. त्यातून थायरॉइड (जन्मतः कमी असणं), सीएएच (अॅड्रिनल ग्रंथीचा आजार), जी६पीडी (लाल पेशींतलं एन्झाइम कमी), गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर पचत नाही), पीकेयू (दुधातल्या प्रथिनाचा एक घटक पचत नाही) असले आजार पकडता येतात, जे जन्मल्या जन्मल्या बाळाकडे बघून कुणालाच कळत नाहीत आणि कळतात तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आपल्या देशात हे सगळीकडे सरकारी पातळीवर होत नाही, केरळात सरकारी हॉस्पिटलांत करतात, शेजारच्या गोव्यात सरकारनेच २००८ मध्ये सुरू केलं होतं, आमच्यासारख्या ठिकाणी मात्र पालक स्वतः पैसे भरून करतात. आणि पैसे भरलेला माणूस प्रश्न विचारतो. विचारायलाच हवेत.

तर कोर्स का केला, तर कार्डं परत यायला लागली म्हणून. महिन्याला दोन-तीन तरी. लॅबकडून मेल यायचा, सॅम्पल अनसॅटिस्फॅक्टरी, कृपया रिपीट पाठवा, आणि कारणाच्या कॉलममध्ये असं काहीतरी लिहिलेलं की आमच्या डॉक्टरांनाही धड लागायचं नाही. आता लॅबवाल्याला रिपीट म्हणजे एक ओळ आहे, आम्हाला रिपीट म्हणजे गुहागरच्या पुढच्या कुठल्यातरी वाडीतल्या बाईला फोन करून सांगायचं की बाळाला परत घेऊन या. बाहेर धो धो पाऊस, एसटी दोन, रिक्षावाला सांगेल तो भाव, बाळ दहा दिवसांचं आणि घरात आजी ठाम की सव्वा महिना झाल्याशिवाय पोर उंबऱ्याबाहेर जायचं नाही. वर ती विचारणारच, "पहिल्यांदा काय पाण्यात गेलं काय गो रक्त?" मला उत्तर नसायचं. शेवटी आमच्या सरांनी लॅबकडे तक्रार केली तर त्यांनी उलट विचारलं की तुमच्या नर्सनी ट्रेनिंग केलंय का. नव्हतं केलं. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघींनी एकदम केला, फी १,२०० रुपये माणशी, हॉस्पिटलने भरली.

सहा मॉड्यूल आहेत, मिळून साडेचार तासांच्या आसपास, मोबाइलवर अॅपमधून बघायचे. नाइट ड्यूटीला तीन रात्रींत संपतात, नेट असलं तर. शेवटी २० प्रश्नांची टेस्ट, ८० टक्के मिळाले की सर्टिफिकेट. अॅप वाईट आहे, व्हिडिओ मध्येच थांबवला आणि बाळ रडलं म्हणून उठून गेलात तर परत आल्यावर पहिल्यापासून सुरू होतो, पुढे ढकलता येत नाही. ज्याने हे बनवलं त्याने कधी वॉर्डात बसून व्हिडिओ बघितलेला नाही एवढं नक्की.

पहिला मॉड्यूल इतिहासाचा. मी तोंड वाकडं करूनच लावला होता, पण त्यातली एक गोष्ट डोक्यात राहिली. अमेरिकेतल्या बफलो शहरातले रॉबर्ट गथ्री, त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि मेहुणीच्या मुलीला पीकेयू निघाला, त्या माणसाने रक्ताचा वाळलेला थेंब कागदावर घेऊन टेस्ट करायची पद्धत काढली, १९६३ मध्ये छापून आली. आमच्या जुन्या मॅट्रन मॅडम त्या कार्डाला गथ्री कार्ड म्हणायच्या आणि मला इतकी वर्षं वाटायचं की गथ्री ही कंपनी आहे, कागद बनवणारी. असो.

दुसऱ्यातलं टीएसएचचं, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय का ते दाखवणाऱ्या हार्मोनचं, जे समजावलंय ते मात्र फार छान, त्यासाठी मी कोर्सला मार्क वाढवून देईन. बाळ जन्मलं की थंड हवेत आल्याबरोबर त्याचा टीएसएच एकदम उसळतो, अर्ध्या तासात टोकाला जातो आणि मग दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरतो. म्हणजे पहिल्याच दिवशी सॅम्पल घेतलं तर धडधाकट बाळाचाही टीएसएच वाढलेला दिसणार आणि आईबाप उगाच घाबरणार. पीकेयूचं वेगळंच, बाळाच्या पोटात थोडं दूध गेल्याशिवाय रक्तात जे साठायला हवं ते साठत नाही, तिथे लवकर घेतलं तर आजार निसटू शकतो. आम्हाला ४८ तासांचा नियम पाठ होता पण का ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि का ते माहीत नसलं की माणूस नियम वाकवतो. नॉर्मल डिलिव्हरीवाली बाई दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जायला निघते, गाडी खाली उभी, नवरा म्हणतो सिस्टर आत्ताच घेऊन टाका ना, आणि आम्ही घेऊन टाकायचो! फॉर्मवर वेळ अंदाजे लिहायची. कोर्समध्ये स्पष्ट सांगितलंय की लवकर जाणारच असेल तर सॅम्पल न घेता सोडू नका, घ्या, पण जन्माची वेळ आणि सॅम्पलची वेळ तासा-मिनिटासकट खरी लिहा आणि दुसऱ्या सॅम्पलला बोलवा, कारण लॅब तो आकडा बाळाच्या वयावर तोलते. हे एक वाक्य मला पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता टोचण्याचं. इथे मी कबुली देते. आम्ही सगळ्या टाच पिळायचो. लिंबू पिळतात तशी. एक थेंब आला की दाबायचं, परत दाबायचं, गोल भरेपर्यंत, आणि नाहीच भरला तर त्याच थेंबावर दुसरा थेंब. गोल लालभडक दिसला पाहिजे एवढंच आमचं शास्त्र. व्हिडिओत शिकवणाऱ्या मॅडमनी स्लो मोशनमध्ये दाखवलंय की पिळलं की रक्ताबरोबर आजूबाजूच्या मांसातलं पाणी येतं, रक्त पातळ होतं, पेशी फुटतात, आणि कार्डावर गोलाच्या कडेने फिकट पिवळसर कडं उमटतं. ते कडं मी शेकडो वेळा बघितलंय, मला वाटायचं कागदच तसा आहे.

बरोबर पद्धत म्हणजे आधी पाय गरम करायचा, कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं तीन ते पाच मिनिटं, ४२ डिग्रीच्या वर नाही, म्हणजे आपल्या मनगटाला सुखाचं वाटेल इतपतच. पाय छातीच्या खाली लोंबता राहील असं बाळाला धरायचं, आईच्या अंगावर दूध पीत असेल तर सगळ्यात उत्तम, रडतही कमी. स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू द्यायचं, ओल्या स्पिरिटवर टोचलं की रक्त खराब. टोचायचं टाचेच्या तळाच्या बाहेरच्या नाहीतर आतल्या कडेला, अंगठ्याच्या मध्यातून एक आणि चौथ्या-पाचव्या बोटाच्या बेचक्यातून एक अशी सरळ रेघ टाचेपर्यंत मनात ओढायची आणि त्या दोन रेघांच्या बाहेरच्याच भागात. मध्ये नाही, आणि मागच्या गोलाईवर तर अजिबात नाही कारण तिथे हाड अगदी वर असतं, सुई २ मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा. मग मोठा थेंब आपोआप जमू द्यायचा, हलक्या हाताने दाब द्यायचा आणि सोडायचा, परत भरू द्यायचा. कार्ड थेंबाला नुसतं टेकवायचं, एका थेंबात एक गोल, एकाच बाजूने, आणि मागून बघायचं की आरपार भिजलाय का.

वाचताना सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात मला चार गोलांना वीस मिनिटं लागली, आता पाच-सहा लागतात, फडक्याची सोडून.

लॅन्सेटवर, म्हणजे टोचायच्या छोट्या उपकरणावर, कोर्स फार कडक आहे. साधी सुई वापरू नका, ब्लेडवाला आपोआप मागे जाणारा लॅन्सेट वापरा. बरोबर आहे, खोली ठरलेली असते. पण बऱ्याच छोट्या हॉस्पिटलांत स्टोअरमधून २६ नंबरची सुईच मिळते कारण ती लॅन्सेटपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि ते ठरवणारा माणूस हा कोर्स करत नाही. एक तासाचा छोटा कोर्स मालक लोकांसाठी काढा की राव, तो मी स्वतःच्या पैशाने भरीन. नर्सरीत काही जणी शिरेत सुई घालून तिचा मागचा प्लास्टिकचा भाग तोडतात आणि ठिबकणारं रक्त कार्डावर घेतात, त्यावर कोर्स एक शब्द बोलत नाही, चांगलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही, जणू असं कुणी करतच नाही. बल्बमधलं, म्हणजे तपासणीच्या नळीत घेतलेलं, रक्त कार्डावर टाकू नका हे मात्र ठळक सांगितलंय, विशेषतः जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या बल्बमधलं, कारण रक्त गोठू न देणारं ते केमिकल टीएसएचसारख्या टेस्टमध्येच गडबड करतं. आमची एक जण हे करायची, सीबीसीला (रक्तपेशींच्या तपासणीला) घेतलंच आहे तर त्यातलंच दोन थेंब इकडे, बाळाला परत कशाला टोचायचं. मनाने चांगलीच आहे ती, पण कार्ड वाया.

सगळ्यात भारी भाग कुठला विचाराल तर लॅबच्या टेक्निशियनने स्वतः दाखवलेला पंधरा मिनिटांचा तुकडा. तो काही फार बोलका नाही, कॅमेऱ्याकडे बघतही नाही. कार्ड मशीनखाली धरतो आणि टक् करून गोलातून एक बारीक तुकडा पाडतो, ३.२ मिलिमीटरचा. साबुदाण्याच्या दाण्याएवढा. त्यात अंदाजे ३ मायक्रोलिटर रक्त. एकेका टेस्टला असा एकेक साबुदाणा. आणि मशीन हे गृहीत धरतं की गोलात कुठूनही तुकडा पाडला तरी रक्त सारखंच असणार. म्हणजे मी थेंबावर थेंब टाकला की एका साबुदाण्यात जास्त, दुसऱ्यात कमी, आणि त्या कमी-जास्तावर बाळाला आजार आहे की नाही ते ठरणार. हे बघितल्यावर मी व्हिडिओ बंद करून जरा वेळ नुसती बसले. नऊ वर्षांत कुणी मला लॅबच्या आत काय होतं ते दाखवलं नव्हतं. आम्ही कार्ड पाकिटात घालायचो आणि पुढचं देवाला ठाऊक.

त्यालाच जोडून कार्डांच्या फोटोंची क्विझ आहे, तीसेक फोटो, चांगलं की रिजेक्ट ते सांगायचं आणि रिजेक्ट असेल तर का. कमी भरलेला, आरपार न गेलेला, थरावर थर, कडं उमटलेला, गुठळीवाला, ओलं असतानाच पाकिटात घातलेला, केशनळीने (रक्त घ्यायच्या बारीक नळीने) कागद खरवडलेला. पहिल्या फेरीत मला तीसपैकी चौदा बरोबर आले. चौदा! आमच्या ज्युनिअरला एकवीस. आम्ही चौघींनी मिळून ही क्विझ चहाच्या वेळी पाच-सहा वेळा खेळलो असू, फोटोंचे प्रिंट काढून ड्रेसिंग ट्रॉलीच्या वर चिकटवलेत. बाकी सगळा कोर्स काढून टाकला आणि हे दोन तुकडे ठेवले तरी १,२०० वसूल.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

भाषा. मूळ इंग्रजी, बोलणं स्वच्छ आहे, पण जाहिरातीत "मराठीत उपलब्ध" लिहिलंय म्हणून आमच्या एएनएम (सहाय्यक नर्स) ताईंनी मराठी निवडलं. खाली पट्टीवर येतं, "एडी उबदार करा". ताई मला विचारतात, ही एडी कोण? हिंदीतली एड़ी तशीच उचलून ठेवलीय, टाच हा शब्द साडेचार तासांत एकदाही नाही. स्पॉटला सगळीकडे "डाग", त्यामुळे "बाळाचे डाग तीन तास वाळवावेत" असं वाक्य येतं आणि आमच्या वॉर्डातल्या मावशी ते वाचून इतक्या हसल्या की पेशंट उठल्या. मशीनला भाषांतर करायला दिलंय आणि कुणी मराठी माणसाने नजरही टाकलेली नाही हे उघड आहे. हसून सोडून दिलं असतं, पण टेस्टसुद्धा त्याच मराठीत आहे आणि ताई दोन प्रश्न निव्वळ भाषेमुळे चुकल्या. त्यांना काम माझ्यापेक्षा चांगलं येतं.

वाळवणं. इथे माझं डोकं खरंच फिरलं. कोर्स म्हणतो कार्ड आडवं ठेवा, खोलीच्या तापमानाला म्हणजे १८ ते २५ डिग्रीला, उन्हापासून लांब, किमान तीन तास. व्हिडिओत एसी लॅब, पांढरं टेबल, खाली नावाची पट्टी. आमच्याकडे जुलैमध्ये बाळांची लंगोटं चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना घाम येतो, रजिस्टरची पानं पापडासारखी वाकतात. तिथे तीन तासांत रक्ताचा जाड थेंब वाळेल? वरून वाळल्यासारखा दिसतो, आत ओलाच. तसाच पाकिटात घातला की दोन दिवस कुरिअरच्या गोणीत दमट हवेत सडतो. आणि गॅलॅक्टोसेमिया, जी६पीडी, बायोटिनिडेज यांच्या टेस्टमध्ये जे एन्झाइम मोजतात ते उकाड्याने आणि दमटपणाने मरतं, म्हणजे चांगल्या बाळाचा रिपोर्ट खराब. हे सगळं त्याच कोर्समध्ये दुसऱ्या मॉड्यूलला सांगितलंय हो! पण चौथ्या मॉड्यूलवाल्याने दुसरा बघितलेला नाही बहुतेक. दमट प्रदेशात काय करायचं यावर एक ओळ नाही. अर्धा देश समुद्राकाठी आहे.

मी अॅपमधूनच प्रश्न पाठवला, पावसाळ्यात किती तास वाळवायचं, हीटर चालेल का. अकरा दिवसांनी उत्तर आलं, "कृपया मॉड्यूल ४ पाहावा."

मग आमचं आम्हीच काढलं. एका मावशींनी दया येऊन कार्डं लंगोटं वाळवायच्या दिव्याखाली ठेवली होती, तीही परत आली, कारण गरम केलेलं चालतच नाही. आता डॉक्टरांच्या केबिनमध्ये ओपीडी चालू असताना एसी असतो तेव्हाच कार्डं तिथे नेतो. ग्लोव्हजचे दोन रिकामे खोके समोरासमोर ठेवायचे आणि कार्ड त्यावर पुलासारखं टाकायचं, म्हणजे गोल मधल्या मोकळ्या हवेत लटकतात, खालून-वरून वारा. कार्ड एकावर एक नाही. रक्त काळपट तपकिरी होईपर्यंत थांबायचं, लाल दिसतंय तोवर हात लावायचा नाही. पावसात आम्ही रात्रभर ठेवतो. मग झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या कुरिअरला. साठवून चार-पाच एकदम पाठवायची सवय होती ती बंद केली, हे कोर्समुळेच, तिथे २४ तासांत रवाना करा हे नीट बजावलंय. या पावसाळ्यात अजून एकही परत आलेलं नाही, लाकडाला हात लावते.

तेल हा दुसरा विषय. टाच स्वच्छ करा, एवढंच म्हणतात. आमच्याकडे बाळाला दुसऱ्या दिवसापासून आजी खोबरेल चोळते, डोक्यापासून तळपायापर्यंत, आणि दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला काजळाची तीट. त्यावर नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून काही होत नाही, तेलावरून थेंब जमतच नाही, पसरतो, आणि कागद तेल पितो. साबण-पाण्याने पाय धुवायचा, कोरडा करायचा, मग पुढचं. आजीला आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं की उद्या टाचेला तेल नको. मी "तेल लावू नका" असं म्हणत नाही, "बाकी सगळं चोळा आजी, एक डावी टाच माझ्यासाठी ठेवा" म्हणते, मग हसतात आणि ऐकतात. समुपदेशनाचा सहावा मॉड्यूल पालकांना काय सांगायचं याबद्दल आहे आणि त्यात आजी हे पात्रच नाही. सूटबूटातला नवरा, हसरी बायको, संमतिपत्रावर सही. आमच्याकडे सही नवरा करतो आणि निर्णय आजी घेते.

फॉर्मचा मॉड्यूल सगळ्यात कंटाळवाणा आणि मला आता वाटतं सगळ्यात महत्त्वाचा, फक्त तो अर्धवट आहे. बाळाचं नाव बारशापर्यंत नसतं, त्यामुळे कार्डावर आईचं नाव, जुळी असली तर एक आणि दोन, इथपर्यंत ठीक. फोन नंबर "संपर्क क्रमांक" म्हणून एकच चौकट. गेल्या डिसेंबरची गोष्ट सांगते. एका बाळाचा टीएसएच बराच वाढलेला आला, लॅबने त्याच दिवशी फोन केला, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. कार्डावर नंबर नवऱ्याचा. नवरा बोटीवर, फोन बंद. बाई डिस्चार्जनंतर माहेरी गेलेली, आमच्याकडे पत्ता सासरचा. दोन दिवस आम्ही शोधतोय. शेवटी सासरच्या वाडीतल्या आशाताईंना माहेरचं गाव माहीत निघालं, त्यांनी तिथल्या आशाताईंना फोन केला आणि बाळ नवव्या दिवशी आलं. शिरेतून रक्त घेऊन पक्कं झालं, दुसऱ्या दिवशी गोळी सुरू. जन्मजात थायरॉइड कमी असण्याच्या या आजारात पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बाळाचं डोकं वाचतं, आणि आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) पाच शहरांत मिळून केलेल्या तपासणीत ११३० बाळांमागे एकाला हा आजार सापडला होता, म्हणजे काही इतका दुर्मीळही नाही. आई काय म्हणाली माहितीये? "सिस्टर, पण हे तर इतकं शहाणं बाळ आहे, रडतच नाही, नुसतं झोपून असतं." तेच तर लक्षण होतं. सगळी वाडी त्या बाळाचं कौतुक करत होती. आता सात महिन्यांचं आहे, बसतं, केस ओढतं, त्या दिवशी ओपीडीत माझा चष्मा ओढला.

तेव्हापासून आम्ही कार्डांच्या रजिस्टरमध्ये तीन नंबर घेतो, आईचा स्वतःचा, माहेरचा आणि आशाताईंचा, आणि "इथून कुठे जाणार" हा प्रश्न विचारतोच. कोर्समध्ये हे नाही. असायला हवं.

अजून एक उणीव. माझी ट्रेनिंगची मैत्रीण गडचिरोलीत आहे, तिच्याकडे सिकलसेल जास्त, १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेलचं मिशन सुरू झाल्यापासून तपासण्या खूप वाढल्यात. तिने विचारलं हा कोर्स मी करू का. मी नाही म्हटलं. सिकलसेलवर दोन स्लाइड आहेत आणि त्यात नवजात बाळात साधी सोल्युबिलिटी टेस्ट का चालत नाही, एवढंही नाही. बाळाच्या रक्तात तेव्हा बहुतेक हिमोग्लोबिन पोटातल्या वेळचं असतं, म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसीसारखी टेस्ट लागते, हे तीच मला सांगत होती. रक्त चढवायच्या आधी कार्ड भरून घ्या, हा मुद्दा मात्र कोर्सने चांगला घेतलाय, तो तिला पाठवला.

आणि शेवटी प्रॅक्टिकल काहीच नाही, हे तर उघडच. आमच्या ज्युनिअरला टेस्टमध्ये ९५ टक्के, आणि दुसऱ्याच दिवशी तिने लॅन्सेट नेमका टाचेच्या मागच्या गोलाईवर धरला. रेघा कागदावर ओढता येतात, तीन किलोचं हलणारं बाळ हातात असलं की कुठली रेघ. मी हात धरला म्हणून वाचलं. तेव्हापासून नव्या मुलीची पहिली दहा कार्डं कुणीतरी सीनिअर शेजारी उभी राहून भरून घेते, मग एकटीला सोडतो. तुमच्याकडे कुणी शेजारी उभं राहणारं नसेल तर नुसत्या कोर्सवर विसंबू नका.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. इंग्रजी कळत असेल तर करा, दुसरा आणि तिसरा मॉड्यूल आणि फोटोंची क्विझ दोनदा करा, पहिला वाटलं तर बघा, सहावा जेवताना लावला तरी चालेल. मराठी पट्टीच्या भरवशावर करू नका. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीच्या रिन्युअलला क्रेडिट पॉइंट मिळतील या आशेवर असाल तर आधी विचारून घ्या, आम्हाला सुरुवातीला मिळतील म्हणाले आणि नंतर विषय बदलला.

सर्टिफिकेट पीडीएफ आलं. पाचव्या मॉड्यूलमध्ये चार वेळा बजावलंय की कार्डावरचं नाव दोन जणींनी वाचून तपासल्याशिवाय पाकीट बंद करू नका. माझ्या सर्टिफिकेटवर माझ्या नावापुढे आडनाव आमच्या एएनएम ताईंचं आहे, आणि त्यांच्यावर माझं. दुरुस्तीसाठी मेल करून अकरा महिने झाले.